सरांनी न शिकवलेला चौक

सरांच्या घरात 'सांभाळून' हा शब्द उच्चारायला बंदी होती.

हे मला पहिल्याच दिवशी कळलं. शनिवार पेठेत दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. जिना अरुंद आणि अंधारा. माझा नवरा दर दुसऱ्या पायरीला 'सांभाळून' म्हणत मला वर घेऊन गेला. दार उघडंच होतं. आतून आवाज आला, "नऊ वेळा म्हणालात. त्यातून ह्यांना नेमकं काय कळलं?"

नवरा गडबडला. "अहो, जिना जरा अवघड आहे म्हणून..."

"एकवीस पायऱ्या आहेत. बारावीनंतर डावीकडं वळण. एवढं खाली सांगितलं असतंत तरी पुरलं असतं. सांभाळून म्हणजे काय करायचं माणसानं? डावीकडं व्हायचं, उजवीकडं व्हायचं, की उभं राहायचं?"

 "मी इथं थांबलो तर चालेल ना?" नवऱ्यानं विचारलं.

"आपलीही नजर चाललीय का?"

"नाही."

"मग आपण घरी जावं. सातपर्यंत येतील ह्या. बसनं."

कर्वेनगरला, आमच्या घरी, बसनं, एकटी.  नवरा नाइलाजानं खाली उतरला. त्याच्या पावलांचा आवाज पार थांबेपर्यंत सर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "बसमध्ये मी बसवून देईन. त्यांच्यादेखत सांगितलं असतं तर ते स्टॉपवर येऊन उभे राहिले असते."

त्या वेळी मी त्रेचाळीस वर्षांची होते. कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक. डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे, कडेकडेनं नजर जात जात शेवटी मधलीही जाईल, असं डॉक्टरांनी सांगून चार वर्षं झाली होती, आणि ती चारही वर्षं मी कॉलेजात कुणाला काही कळू दिलं नव्हतं. पुंगळीतून पाहावं तेवढंच दिसायचं. स्टुलांना अडखळायचे, दारात समोरच्याला धडकायचे आणि 'लक्ष नव्हतं' म्हणायचे. एके दिवशी आम्लाची बाटली टेबलावर ठेवतेय असं समजून मी ती हवेतच सोडली. जवळ कुणी नव्हतं म्हणून निभावलं. त्या संध्याकाळी मी नवऱ्याला म्हटलं, की मला आता कुणाकडून तरी शिकावं लागेल. काय शिकावं लागेल, ते मात्र तोंडातून बाहेर पडलं नाही.

सर पूर्वी अंध मुलांच्या एका शाळेत शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी मोठेपणी दृष्टी गेलेल्या माणसांना काठीनं चालायला शिकवायचं काम घरूनच सुरू केलं होतं. लग्न केलेलं नव्हतं. थोरल्या बहिणीबरोबर राहायचे. त्यांना सगळे ताई म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागले.

सरांना मी सलग असं कधी पाहिलेलंच नाही. माझ्या पुंगळीत एका वेळी त्यांचा एखादाच तुकडा यायचा. कधी पांढरी मिशी, कधी सदऱ्याचं वरचं बटण, कधी पायातल्या रबरी तळाच्या चपला. त्या चपला त्यांनी मुद्दाम घेतल्या होत्या. शिकणाऱ्याला मास्तरांच्या पावलांचा आवाज येता कामा नये, असा त्यांचा नियम. आवाज आला की माणूस त्याच्या आधारानं चालतो म्हणे. त्यामुळं रस्त्यावर ते माझ्या मागं आहेत की नाहीत, हे मला कधीच कळायचं नाही. मी हाक मारली तरी उत्तर द्यायचे नाहीत. आप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांपुढं, गर्दीत, डोळ्यांवर काळी पट्टी बांधून मी "सर? सर?" करत उभी आहे आणि लोक बाजूनं जातायत, असं कितीदा तरी झालं. घरी परतल्यावर ते म्हणायचे, "सहा वेळा सर म्हणालात. तेवढ्या वेळात विश्रामबागवाड्यापर्यंत पोचला असतात."

पट्टीवरून आमचा पहिला वाद झाला. मी म्हटलं, मला अजून थोडं दिसतं, पट्टी कशाला? त्यावर ते म्हणाले, "जे उरलंय ते जाणार आहे. जाणाऱ्याच्या भरवशावर प्रवास आखू नये." मी रडले. ताईंनी आतून पाणी आणून दिलं. सर माझं रडणं संपेपर्यंत थांबले आणि मग पट्टी माझ्या हातात ठेवली.

मी त्यांना एकदा म्हटलं होतं, "सर, मला फार काळजी वाटते."

"वाटू दे. काळजी करायची आणि पाऊल उचलायचं. दोन्ही एकदम करता येतं. मी रोज करतो."

शेवटचं वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं नाही.

त्यांच्याकडं शिकणाऱ्या प्रत्येकाला शेवटी एक परीक्षा द्यावी लागायची. शनिवार पेठेतल्या त्यांच्या दारातून निघायचं, बाजीराव रस्त्यानं सरळ खाली जायचं, टिळक रस्त्याचा चौक ओलांडायचा, सारसबागेच्या कडेनं कालव्यापलीकडं जाऊन पर्वतीच्या पायऱ्या चढायच्या आणि वर देवळात पोचल्यावर फोन करायचा. एकट्यानं. परीक्षेच्या दिवशी सर मागं येत नसत. ते घरी बसून राहायचे.

मी विचारलं होतं, पर्वतीच का? कसबा गणपती जवळ आहे, ओंकारेश्वर तर पाच मिनिटांवर आहे.

"तिथं पोचलात हे दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागतं. पर्वतीवर वारा लागतो. पोचल्याचं ज्याचं त्याला कळतं." मग थोड्या वेळानं म्हणाले, "पेशवेही जायचे. त्यांना पालखी होती, तुम्हाला काठी आहे. खड्डे तेव्हाही असणार."

देवाबद्दल ते कधी बोलले नाहीत. रस्त्याबद्दल मात्र त्यांना खडान्‌खडा माहिती. कुठल्या दुकानाचा फळा पदपथावर येतो, कुठल्या झाकणाचा आवाज पोकळ आहे, अत्तराच्या वासानंतर किती पावलांवर लक्ष्मी रस्ता लागतो. पदपथावर लावलेल्या स्कूटरींशी त्यांचं उभं वैर होतं. काठी स्कूटरला लागली की ते मालकाला शोधून काढायचे. "ही आपली का? छान आहे. ह्या बाईंच्या नडगीला लागली, म्हणून ओळख करून घ्यायला आलो." मालक खजील होऊन गाडी काढायचा. दुसऱ्या दिवशी ती तिथंच असायची आणि सर पुन्हा ओळख करून घ्यायचे.

पाच महिन्यांत मी बऱ्यापैकी चालायला लागले. फक्त एक गोष्ट मला खटकायची, आणि पुढं पुढं तिच्यामुळं झोप लागेनाशी झाली. टिळक रस्त्याचा चौक सर रस्त्यावर शिकवतच नव्हते.

चौकाच्या पन्नासेक पावलं अलीकडं ते मला थांबवायचे, रिक्षाला हात करायचे आणि आम्ही रिक्षात बसून चौक पार करायचो. सारसबागेच्या भिंतीपाशी उतरून पुढचा धडा सुरू. रिक्षात ते एक शब्द बोलायचे नाहीत. चौक शिकवायचा तो घरी, जेवणाच्या टेबलावर. आगपेट्या म्हणजे बस, सुपाऱ्या म्हणजे रिक्षा, ताईंचं लाटणं म्हणजे दुभाजक. मी बोटांनी चाचपून बघायचे. "तुमच्या डाव्या कानाशी इंजिनं सुटली की तुमचा रस्ता मोकळा. तेव्हा निघायचं. मध्ये थांबायचं नाही. काही झालं तरी मध्ये थांबायचं नाही."

"आणि प्रत्यक्ष कधी?" मी विचारलं.

"प्रत्यक्षातही असाच आहे. टेबल मोठं असतं, इतकंच."

महिन्याभरानं पुन्हा विचारलं तेव्हा त्यांनी विषय बदलला. तिसऱ्यांदा विचारल्यावर आगपेट्या गोळा केल्या आणि "आज एवढं पुरे" म्हणून आतल्या खोलीत निघून गेले. मला संताप आला. सगळ्या शहरात ज्या जागेची मला सर्वांत जास्त भीती वाटत होती, ती हा माणूस सुपाऱ्या मांडून शिकवत होता आणि तिथं मला एकटीला पाठवणार होता. परीक्षेला आठवडा राहिला होता. मी काठी मिटली आणि स्वयंपाकघरात ताईंना सांगायला गेले, की मी उद्यापासून येणार नाही.

ताई कॉफी करत होत्या. त्यांनी गॅस बंद केला.

"बस," त्या म्हणाल्या. "तुला सांगायला हवं."

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. संतोष नावाचा एक मुलगा, म्हणजे तेव्हा पंचविशीतला, विश्रांतवाडीहून शिकायला यायचा. अपघातात डोळे गेलेले. सरांचा सगळ्यात तयारीचा विद्यार्थी. परीक्षेच्या दिवशी तेव्हा सर मागं जायचे, दहा पावलांवरून. संतोष त्या चौकात अगदी बरोबर वेळी निघाला. अर्ध्याच्या पुढं गेला होता. इतक्यात एक गाडी सिग्नल तोडून आली आणि सर मागून ओरडले, "संतोष, सांभाळ."

"तो थांबला," ताई म्हणाल्या. "सरांचा आवाज ऐकला म्हणून थांबला. चालत राहिला असता तर गाडी मागून निघून गेली असती."

डावा पाय दोन ठिकाणी मोडला. सळई घालावी लागली. सर इस्पितळात गेले, तर संतोषच्या वडलांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. आमच्या पोराला मारायला नेलं होतं का, असं सगळ्यांसमोर विचारलं. सर खाली मान घालून घरी आले. त्यानंतर पुन्हा गेले नाहीत. त्या चौकात पायी तर नाहीच नाही.

"म्हणून परीक्षेला तो मागं येत नाही," ताई म्हणाल्या. "तुमच्यातलं कुणी वरून फोन करेपर्यंत खिडकीत बसून असतो. चहासुद्धा घेत नाही. तुला वाटतं तेवढा तो धीट नाही गं."

त्या रात्री मी नवऱ्याला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं मला जाऊच दिलं नसतं. आणि खरं सांगायचं, तर त्यानं अडवावं असंही मला वाटत होतं.

परीक्षेची सकाळ कडाक्याच्या थंडीची होती. डोळ्यांवर पट्टी बांधून मी साडेसहाला सरांच्या दारातून निघाले. सरांनी काठीचं टोक तपासून दिलं आणि दार लावून घेतलं. आप्पा बळवंत चौक, लक्ष्मी रस्ता, शनिपार. पाय आपोआप चालत होते. पुढं एका ठिकाणी पदपथ खणला होता आणि पत्रे लावले होते. ते कालपर्यंत नव्हते. पत्र्यांच्या कडेनं रस्त्यावर उतरून पुन्हा पदपथावर येईपर्यंत मला पावलांचा अंदाजच राहिला नाही, आणि अचानक चारी बाजूंनी गाड्यांचा आवाज आला. चौक आला होता.

मी उभी राहिले. एक सिग्नल गेला. दुसरा गेला. डाव्या कानाशी इंजिनं सुटायची, मी मनात 'आता' म्हणायचे आणि पाय उचलायचाच नाही. तेवढ्यात कुणीतरी माझा दंड धरला. "चला काकू, सोडतो." तरुण मुलाचा आवाज. मी काही बोलायच्या आत तो मला ओढायला लागला, आणि तेही सारसबागेकडं नाही, भलतीकडं. मी जोर लावून हात सोडवून घेतला.

"मला पर्वतीला जायचंय," मी म्हटलं. "मी माझी जाते."

"बरं, सॉरी," तो म्हणाला आणि निघून गेला.

तो गेल्यावर मला वाटलं, आपण मूर्ख आहोत. आयती मदत आली होती.  आणखी तीन सिग्नल गेले. सहाव्याला डावीकडच्या गाड्या सुटल्या आणि मी निघाले. किती पावलं चालले ते आठवत नाही. मध्ये एका रिक्षाचा हॉर्न अगदी कानाशी वाजला आणि सगळं अंग म्हणालं, थांब. मी थांबले नाही. काठी पदपथाच्या दगडाला लागली, तेव्हा मी वाकून त्या दगडाला हात लावला. बघणाऱ्यांना वाटलं असेल, बाई नमस्कार करतेय.

कालवा ओलांडून पर्वतीच्या पायथ्याशी पोचले, तर पहिल्याच पायरीवरून आवाज आला.

"सरांच्याकडनं आलात न्हवं?"

मी दचकले. "कोण आपण?"

"काठीचा ठोका ऐकला. सरांचाच ठोका हाय. मी संतोष."

मी तिथंच, पायरीवर त्याच्या शेजारी बसले. पाय बरा झाल्यापासून तो दर परीक्षेला येतो म्हणाला. विश्रांतवाडीहून दोन बस बदलून. ताई आदल्या दिवशी त्याला फोन करतात. येणारं माणूस नीट पोचलं की तो ताईंना कळवतो आणि परत जातो.

"सरांना माहीत आहे?"

"न्हाई. मी सगळ्यांना सांगतो, सरांना सांगू नका. कुणीच सांगत न्हाई."

"पण का?"

"आमच्या वडलांनी त्यांना लई बोल लावला. वडील असस्तवर मी त्यांच्या दारात जाऊ शकत न्हवतो आणि ते आमच्या. मी इस्पितळात वाट बघायचो, सर येतील. आलेच न्हाईत." त्यानं काठी मांडीवर आडवी घेतली. "वडील गेले दिवाळीच्या आधी. आता घरात सरांवर चिडणारं कुणी उरलं न्हाई."

"मग मलाही सांगू नका म्हणणार का?"

"तुम्हाला न्हाई म्हणत," संतोष म्हणाला.

वर जाऊन मी सरांना फोन केला. वारा इतका होता, की त्यांना माझं बोलणं ऐकू आलं की नाही कोण जाणे. "बरं," एवढंच ते म्हणाले.

परत रिक्षानं आले. सर खिडकीत बसले होते आणि पुढं चहाचा कप तसाच होता. "चौकात किती वेळ?" त्यांनी विचारलं.

"सहा सिग्नल."

"जास्त नाही."

मग मी सांगितलं. पायथ्याशी कोण भेटलं, तो किती वर्षं येतोय, त्याचे वडील गेले, सगळं. एका दमात सांगितलं, कारण मध्ये थांबले असते तर पुढचं सांगवलं नसतं.  मला त्यांचा चेहरा शोधावा लागला, आणि सापडला तेव्हा त्यात काही वाचता येईना.

"तू फोन करतेस त्याला?" सरांनी ताईंना विचारलं.

"करते."

"मला बोलली नाहीस कधी."

"तू कधी त्याचं नाव काढलं नाहीस."

सर उठून आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

पुढचे तीन आठवडे त्यांनी कुणालाच शिकवलं नाही. ताईंना फोन केला की त्या म्हणायच्या, जेवतो, वाचतो, बोलत नाही. माझ्या जिवाला घोर लागला. त्यांच्याकडं तेव्हा आणखी चार जण शिकत होते. एक बाई तर नुकत्याच काठी धरायला लागल्या होत्या. आपण बोललो नसतो तर काय बिघडलं असतं, असं रोज वाटायचं. ज्या जखमेवर त्या माणसानं अकरा वर्षं कसंबसं झाकण ठेवलं होतं, ते मी एका सकाळच्या आनंदात उचकटून ठेवलं होतं.

मग एका शनिवारी त्यांचा फोन आला. "उद्या सकाळी साडेसहा. काठी आणा. पट्टी नको."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बाजीराव रस्त्यानं निघालो. ह्या खेपेला ते माझ्या शेजारून चालत होते. वाटेत तीन स्कूटरी लागल्या, पण त्यांनी कुणाशीही ओळख करून घेतली नाही. चौकाच्या अलीकडं, नेहमीच्या जागी, ते थांबले.

"इथून मी रिक्षा करतो," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"आज करायची नाहीये."

आम्ही चौकाच्या कडेला जाऊन उभे राहिलो. "कधी निघायचं?" त्यांनी विचारलं.

"डाव्या कानाशी इंजिनं सुटली की."

"हे मीच सांगितलंय."

"हो. टेबलावर."

चार सिग्नल गेले. त्यांचा श्वास मला गाड्यांच्या आवाजातही ऐकू येत होता. हा माणूस इथं कोसळला तर मी काय करू, कुणाला हाक मारू, असं सारखं मनात येत होतं. पाचव्याला गाड्या सुटल्या आणि मी पाऊल टाकलं. ते आले की नाही हे मागं वळून बघण्यात अर्थ नव्हता, माझ्या पुंगळीत ते सापडले नसते. पलीकडच्या पदपथावर पोचून उभी राहिले. दोन क्षण काहीच नाही. मग शेजारून आवाज आला, "चला."

संतोष पायथ्याशी आलेला होता. आदल्या दिवशी ताईंनी फोन केला होता, पण ह्या वेळी सरांच्या समोर बसून. सर त्याच्यापुढं जाऊन उभे राहिले. शेवटी संतोषनंच विचारलं, "सर हायत का?"

"आहे," सर म्हणाले. "वडील गेले म्हणे."

"हो. दिवाळीच्या आधी."

"कळलं असतं तर आलो असतो."

"आला नसता, सर."

सरांनी जरा विचार केला. "नसतो आलो," ते म्हणाले.

ते संतोषच्या शेजारी पायरीवर बसले. सकाळचे चढणारे-उतरणारे लोक आम्हाला वळसा घालून जात होते.

"पाय अजून दुखतो?" सरांनी विचारलं.

"थंडीत दुखतो."

"मग थंडीत एवढ्या लांब यायचं नाही."

"तुम्ही परीक्षा थंडीतच ठेवताय, सर."

 सर खाकरले.

"उन्हाळ्यात ठेवीन," ते म्हणाले.